तिसरं कडवं आधी

४ फेब्रुवारी

बेबी,

आईला गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय जागेवर आहेत, पण ऐकत नाहीत. वाचाही गेली. जिवाचा धोका टळला, असं डॉक्टर म्हणतात. आज तिला घरी आणलं.

आधी कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस आणि इस्पितळात रुग्णाजवळ एकाच माणसाला थांबू देत. तो एक माणूस मी होते.

बाबांच्या खोलीत तिची खाट लावली आहे. खिडकीकडे डोकं केलं, म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही. कूस बदलण्याच्या वेळा ठरवल्या आहेत. गादीखाली मेणकापड, त्यावर दुहेरी चादर, सुरकुती एकही नाही. पाठीला जखम होऊ द्यायची नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू दुपारी तासभर बसतात, तेवढ्यात मी बाजार उरकते. बाकी सगळं माझ्याकडे. बाबांच्या वेळी कसं केलं, ते तुला माहीत आहे. म्हणजे ऐकून माहीत आहे.

ये म्हणून लिहीत नाही. कळवणं माझं काम होतं, ते केलं.

ताई


१९ फेब्रुवारी

बेबी,

तुझं पत्र मिळालं. ‘मी येऊ का?’ असं विचारलं आहेस. यायचं असतं ते माणूस विचारत बसत नाही. तरी विचारलंस म्हणून सांगते, नको. तुझ्या शाळेच्या परीक्षा तोंडावर असतील. संगीताची परीक्षा घेणाऱ्या बाईच गावाला गेल्या तर पोरांनी काय टेबल वाजवायचं?

आईची प्रकृती ठीक. वाचा परत यावी म्हणून एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येते. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, मी तिला वाचाबाई म्हणते. तिलाही चालतं. ती चित्रं दाखवते, आईने नाव सांगायचं. कप, चमचा, दार, घड्याळ. आईच्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘बटण’. चहा हवा का? बटण. पाय दुखतो का? बटण. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले, त्यांनी विचारलं, “ओळखलंत का मला?” आई अगदी प्रेमाने म्हणाली, “बटण.” ते म्हणाले, “बरोबर आहे, पोट सुटल्यापासून शेवटचं लागत नाही.” शिंपीणकाकूंची वेगळीच समजूत. त्या दुसऱ्या दिवशी बटणांचा डबाच घेऊन खाली आल्या. “मला माहीत होतं हो, तुमच्या त्या निळ्या झग्याचं तुटलंय ना? बोलल्या का नाहीत आधी?” आई हसली. एका बाजूने हसते आता.

वाचाबाई गेली की मी तिच्याकडून त्याच चित्रांचा सराव करून घेते. सकाळी आणि संध्याकाळी. चूक झाली की लगेच सांगायचं, म्हणजे ती पक्की होत नाही. गिरणीत इतकी वर्षं मी हेच केलं. तपासणीच्या टेबलावर दिवे लावायचे, कापडाचा ताका सरकत जायचा, सुटलेला धागा दिसला की तिथल्या तिथे खडूची खूण. माझ्या हाताखालून सदोष ताका पुढे गेला नाही. आई काही कापड नाही, हे मलाही कळतं. पण शिस्तीशिवाय काय सुधारतं?

वाचाबाईचं म्हणणं, आईला गाणी ऐकवा, तिच्याबरोबर गा. बोलणं डोक्याच्या एका बाजूला असतं आणि गाणं दोन्हीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे बोलणं गेलेली माणसंही कधीकधी गातात. तिने मला विचारलं, “तुमच्यात कोण गातं?” मी म्हटलं, “सध्या कोणी नाही.”

ताई


३ मार्च

बेबी,

काल आई गायली.

पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस तिला द्यायला घरी आले होते. प्रार्थना झाली, आणि त्यांनी आपल्या चर्चच्या ऑर्गनवाल्या मास्तरांनी रचलेलं जुनं गीत सुरू केलं. ते उपदेश बरा करतात, पण त्यांचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. पहिली ओळ संपायच्या आत खाटेवरून आवाज आला. पाळकसाहेब थांबले. आई थांबली नाही.

नाव माझे पुसून टाक,
नाव तुझे ओठांत राख.

स्वच्छ. एकेक अक्षर. ‘बटण’च्या पलीकडे न गेलेली बाई सबंध ओळ गात होती आणि तिचा डावा हात चादरीवर ताल धरत होता. शिंपीणकाकू दारातच खाली बसल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. माझे नाही भरले. माझ्या हातात द्राक्षरसाचा पेला होता आणि तो सांडू द्यायचा नव्हता.

मग ती मध्येच थांबली. थकली असेल.

तुला कळवावं असं वाटलं, एवढंच. तुझ्या पार्सलमधली शाल पोचली. उबदार आहे. तपकिरी रंगावर डाग दिसत नाहीत, निवड चांगली केलीस.

ताई


११ मार्च

बेबी,

मागच्या पत्रात आई थकली असेल असं लिहिलं. ती थकली नव्हती. मी थांबवलं.

तिने तिसरं कडवं आधी घेतलं होतं. पहिलं ‘हात रिकामे घेऊन आलो’, हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, “आई, हे तिसरं. पहिल्यापासून म्हण.” मला वाटलं मी मदत करते आहे. खरं तर वाटलंही काही नाही, तोंडातून निघून गेलं, जसा टेबलावर हात खडूकडे जायचा तसं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड मिटलं.

त्या दिवसापासून ती एक शब्द बोललेली नाही. ‘बटण’ही नाही. चित्रं पुढे धरली की भिंतीकडे वळते. चमचा ओठांशी नेला की ओठ आवळून घेते, फार वेळ बसलं तर दोन घास. वाचाबाईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, “आत्ता हे असंच राहिलं तर तिची बोलायची वाट बुजून जाईल. मग मी येऊन काही उपयोग नाही.” ती मुलगी हळू बोलते. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी पाळकसाहेबांकडे गेले. चर्चमध्ये ते शिडीवर चढून पंखा पुसत होते. मी म्हटलं, “पुन्हा येऊन ते गीत म्हणा. तुमच्याबरोबर ती गाते.”

ते वरूनच म्हणाले, “येईन की. पण रोज कसा येणार? तुम्ही म्हणा.”

“मला गाता येत नाही.”

“मला तरी कुठे येतं?”

“ते सगळ्यांना माहीत आहे. तरी तुम्ही गाता.”

ते हसले आणि खाली उतरले. म्हणाले, “रागावू नका, ताई. तुम्ही दर रविवारी दुसऱ्या बाकावर उभ्या राहता. सगळे गातात, तुम्ही तोंड मिटून समोर बघता. माझी बायको म्हणते, ताई आपल्याला तपासताहेत. सूर, उपदेश, फुलदाणीतलं पाणी. मी उपदेश लिहितानासुद्धा मनात म्हणतो, हे वाक्य ताईंच्या टेबलावरून पुढे जाईल का?”

मला राग आला. मी म्हटलं, “देवाच्या घरात नीटनेटकं असू नये का?”

“असावं. पण तिथे तुम्हाला कुणी तपासायला बोलावलेलं नाही. स्तुती करायला बोलावलंय. ती बेसूर चालते. मिटलेल्या तोंडाने होत नाही.”

मी तिथून निघून आले. रस्त्यात उत्तरं सुचत होती, चांगली सुचत होती. घरी येऊन आईची कूस बदलली, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

जे नीट जमत नाही ते मी करत नाही, बेबी. लहानपणापासून. याला मी शिस्त म्हणत आले आहे. तू काहीही करायचीस. पोहता येत नसताना पाण्यात उतरायचीस. मला तुझा संताप यायचा, आणि अजून येतो.

‘येऊ का’ असं तू पुन्हा विचारलं आहेस. या वेळी काय लिहावं ते मला समजत नाही. तूर्त थांब.

ताई


२० मार्च

प्रिय बेबी,

मी गायले. हसून घे. आई हसली, तर तू का नाही.

झालं असं. बुधवारी तिचे केस विंचरायला बसले होते. ती भिंतीकडे तोंड करून. तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा तिला दिसत नव्हता, म्हणून जमलं. मी दार लावून घेतलं, वर शिंपीणकाकूंचं मशीन सुरू आहे याची खात्री केली, आणि म्हटलं, हात रिकामे घेऊन आलो. ‘आलो’पर्यंत पोचेस्तोवर सूर कुठल्या कुठे गेला होता. दुसरी ओळ मी खालून धरायला गेले तर ती इतकी खाली सुरू झाली की घशातून नुसती हवा आली. तरी पुढे गेले. मनात म्हटलं, प्रभू, हे घे. माझ्याकडे द्यायला आजवर जे जे होतं ते सगळं चोख होतं. हे नाही. हे तेवढं घे.

आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी कंगवा टाकून पलीकडे गेले, तर ती हसत होती. अर्ध्या तोंडाने, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डावा हात वर केला, तळवा माझ्यासमोर धरला. थांब. आणि तिने ती ओळ मला गाऊन दाखवली, कुठे चढायचं, कुठे उतरायचं ते बोटाने हवेत दाखवत. मी म्हटली. तिने मान हलवली, नाही. पुन्हा दाखवली. मी पुन्हा म्हटली. पुन्हा नाही! किती वेळ चाललं कोण जाणे. वरचं मशीन केव्हाच बंद पडलं होतं.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला की ती मला तपासते आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तिच्या तपासण्यात खडू नव्हता. चुकलं की हसायची आणि पुन्हा द्यायची, जसा लहान पोराला घास देतात.

संध्याकाळी ती पोटभर जेवली.

हे इथेच संपलं असतं तर मी खोलीतल्या खोलीत नम्र झाले असते आणि कोणाला कळलं नसतं. पण शुक्रवारी बायकांची प्रार्थनासभा आपल्याकडे होती, आधीपासून ठरलेली. मी ती पुढे ढकलणार होते. वाचाबाई म्हणाली, “माणसं येऊ देत. तिने चारचौघांत गायलं तर फार बरं.” पण आई आपण होऊन सुरू करत नाही. कोणीतरी ओळ उचलून द्यावी लागते, आणि आता तिला ती माझ्याकडूनच हवी असते. पाळकसाहेबांची बायको येते, तिचा गळा चांगला आहे. तिने सुरुवात केली. आई गप्प. माझ्याकडे बघत राहिली.

खोली भरलेली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जणी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. या सगळ्यांच्या चुका मी वर्षानुवर्षं काढल्या आहेत. कोणी वाचन घाईत केलं, कोणी मेजावरचं कापड उलटं अंथरलं. आणि मी उभी राहिले आणि गायले. एकाच ओळीत तीनदा सूर बदलला. शिंपीणकाकूंनी तोंडावर हात घेतला. एकीने खाली मान घातली, तिचा कान लाल झालेला दिसत होता. मला दिसत होतं सगळं. आणि मग आई आली. तिने ओळ माझ्याकडून घेतली आणि वर नेली, आणि मागून सगळ्या. मी मध्येच होते, चुकत होते, पण कोणाला ऐकू जात नव्हतं, मलाही नाही. त्या वेळात मी कोणालाही पाहिलं नाही, बेबी. कोणी नीट उभं आहे की नाही, कोणी शब्द गाळला की नाही. स्तुती करताना तपासता येत नाही. निदान मला तरी एका वेळी दोन्ही जमलं नाही.

नंतर आभाराची प्रार्थना झाली. एकेकीने एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. माझे आभार ठरलेले असतात. आरोग्य, शक्ती, कोणापुढे हात पसरावा लागला नाही. या वेळी हे म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं ते असं, “माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्याबद्दल.”

सगळ्यांनी डोळे उघडले. आईने डाव्या हाताने माझं बोट धरलं.

तुझ्या गळ्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलेलं नाही. लोक म्हणायचे, ते पुरे होतं असं मला वाटायचं. बाबांच्या दफनाच्या दिवशी तू गायलीस तेव्हा सगळं चर्च रडलं. तू त्यांच्या आजारात आली नाहीस हे मी आजही चूकच मानते, आणि ते पुसायला हे पत्र लिहीत नाही. पण त्या दिवशी तू गायलीस ते सुंदर होतं. दोन्ही खरं आहे. एक म्हणायचं आणि एक गिळायचं, असं मी करत होते.

तुझी ताई


२ एप्रिल

प्रिय बेबी,

तुझं पत्र सकाळी आलं. चार ओळींचं. इतकं छोटं पत्र तू कधी लिहिलं नाहीस. तू लिहितेस, सुट्टी लागली की निघेन, तू नको म्हणालीस तरी निघेन. शाब्बास. हे पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर मी भांडले असते आणि मनातून सुटले असते.

आणि खाली, वेगळ्या शाईने, ‘ताई, मी घरात गायले तर तुला चालेल का?’

मी ते दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. आपल्याच घरात, आपल्याच आईपुढे गायची परवानगी तुला माझ्याकडे मागावीशी वाटते. तू टोमणा मारला असतास तर मी परतवला असता. पण हा टोमणा नाही. तू खरंच विचारते आहेस.

उत्तर लिहायला बसले आणि ‘चालेल’ असं लिहिलं. मग वाचलं. ‘चालेल’ म्हणजे टेबलावरून पुढे जाऊ दिलं. ते पान फाडलं. मला हे वेगळं लिहायला हवं, आणि तुला ठाऊक आहे, असं लिहायची मला सवय नाही. चुकलं तर समजून घे.

मला हवं आहे. तू गायला हवी आहेस. आईसाठी म्हणून नाही, तिचं चाललं आहे. काल तिने पाणी गाऊन मागितलं आणि परवा शिंपीणकाकूंना अख्ख्या तीन शब्दांत हाकलून दिलं. मला हवं आहे. मी रोज तीच दोन कडवी चुकीची म्हणते, आणि मला बरोबर ऐकायची भूक लागली आहे. तुझ्याकडून.

कामाची काळजी करू नकोस. मी तुला कामाला बोलावत नाही. पहिल्या दिवशी तू आईची चादर घालशील आणि तिला सुरकुती पडेल. मी काही बोलणार नाही. बोलले तर तू गायला लाग, मी गप्प होते, आता मला ते कळलं आहे.

गाडीची वेळ कळव. मी स्टेशनवर येईन. आईजवळ वाचाबाई बसेल, तिनेच कबूल केलं. मी फलाटावर लांब उभी राहीन, कारण गर्दी मला सोसत नाही. तू मला ओळखशील की नाही, ही शंका मनात येऊन गेली. केस पांढरे झालेत आणि मी वाळले आहे. पण तू आधी पुढे येऊ नकोस. सामान खाली ठेव आणि तिथेच थांब. मी येते.

तुझी
ताई